वरच्या ट्रेमधला पतंग

एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात विल्फ्रिड बर्केटच्या बागेतून लाइम हॉक नावाच्या पतंगाचा फोटो आला आणि रोवेना टायसनच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

फोटो झकास होता. शेवाळी हिरव्या रंगाचा, कडेला गुलाबी झाक असलेला मोठा थोरला पतंग अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेवर ऐटीत बसला होता. खोट काढायला कुठे जागाच नव्हती, आणि हीच त्यातली खोट होती. हा पतंग दक्षिणेकडचा. उत्तरेतल्या या डोंगराळ जिल्ह्यात तो आजवर कुणाला दिसलेला नव्हता, आणि दक्षिणेतसुद्धा मे उजाडल्याशिवाय तो कोषातून बाहेर येत नाही. एप्रिलच्या त्या आठवड्यात बर्केटच्या हॉल्थवेट गावात गवतावर हिव पडत होतं. असल्या थंडीत माणसंसुद्धा दोन स्वेटर चढवल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकत नव्हती.

रोवेना जिल्ह्याची पतंग-नोंदकार होती. या पदाला पगार नाही, खुर्ची नाही, नुसता ताप आहे. हौशी लोक बागेत दिव्याचा सापळा लावतात. लाकडी पेटी, वर दिवा आणि आत पतंगांना दडून बसायला अंड्यांचे रिकामे ट्रे, एवढाच तो सापळा. सकाळी ट्रे उचलून कोण कोण आलंय ते बघायचं, फोटो काढायचा आणि रोवेनाला पाठवायचा. ती हो म्हणाली की नोंद यादीत जाते. नाही म्हणाली की गाल फुगतात. कुणी झिजलेल्या, रंग उडालेल्या पतंगाला दुर्मीळ ठरवून मोकळा होतो, तर कुणी समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीत पकडलेला पतंग घरच्या पत्त्यावर खपवू पाहतो. हे सगळं निस्तरता निस्तरता संशय तिच्या अंगात इतका मुरला होता की शेजारणीने केक पाठवला तरी ती आधी तो उलटून खालून बघायची.

पण विल्फवर संशय घ्यायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तिच्या आधी जिल्ह्याचा नोंदकार तोच होता. तिला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला त्याने शिकवलं, आणि तिची पहिली मोठी नोंद एका शब्दाचंही कारण न देता नाकारली तीही त्यानेच. त्या नोंदीवरून ती दोन दिवस रडली होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा नीट पाहिलं तर त्याचंच बरोबर होतं.

लाइम हॉकच्या फोटोखाली विल्फने लिहिलं होतं, 'पंखांवरचा एक खवला हललेला नाही. सर्वांत वरच्या ट्रेवर, तोंड बाहेर. रात्री हिव.'

"बढाया कसल्या मारतोय हा माणूस?" रोवेना स्वतःशीच म्हणाली, आणि नोंद बाजूला ठेवून दिली.

पंधरवडा गेला आणि पाइन हॉक आला. तोही वेळेआधी, तोही कोरा करकरीत, तोही वरच्या ट्रेवर. मेच्या मध्यावर तर स्पर्ज हॉक आला, जो या देशातच चुकूनमाकून येतो. खाली पुन्हा तेच. खवला हललेला नाही, वरचा ट्रे, तोंड बाहेर. उडत उडत समुद्र ओलांडून आलेला पतंग असा परीटघडीचा दिसत नाही. त्याचे पंख फाटलेले असतात, कडा झिजलेल्या असतात. कुठेतरी पाणी मुरत होतं, यात आता शंकाच राहिली नाही.

गावच्या सभागृहात जिल्ह्याच्या पतंग-मंडळाची बैठक झाली तेव्हा डेरेक मॉसपने विषय काढलाच. मॉसप दातांचा निवृत्त डॉक्टर. जन्मभर दुसऱ्याच्या तोंडात डोकावून कीड शोधायची सवय, ती निवृत्तीने थोडीच सुटते?

"म्हातारा चळलाय," तो चहात बिस्किट बुडवत म्हणाला. "नाहीतर हावरा झालाय. विकत घेतलेली पाखरं आहेत ती, आंधळ्यालाही दिसेल."

"विल्फला हाव कशाची? यादीतल्या दर दुसऱ्या ओळीला त्याचंच नाव आहे."

"तेच म्हणतोय मी!" मॉसपचं अर्धं बिस्किट कपात पडलं, पण त्याचं लक्ष नव्हतं. "आज जो खोटं बोलतो, तो काल बोलला नसेल कशावरून? निम्मी यादी त्याच्या एकट्याच्या शब्दावर उभी आहे, रोवेना. शरद ऋतूत ती छापायला जाणार. पुस्तकावर तुझं नाव येणार. मग विचार तूच कर."

रोवेनाने विचारच केला नव्हता असं नाही. रोज रात्री उशीवर डोकं टेकलं की तोच विचार छातीवर येऊन बसायचा. विल्फच्या कितीतरी जुन्या नोंदींचे नमुने किड्यांनी खाल्ले होते, साक्षीदार वारले होते. उरला होता तो फक्त त्याचा शब्द. तो खोटा निघाला तर यादी म्हणजे नुसता कागद.

"आणि त्याचाच नियम आहे," मॉसप उठता उठता म्हणाला. "विसरलीस?"

ती कशी विसरेल? एका बागेत बाहेरून आणून सोडलेला एक जरी पतंग सापडला, तरी त्या वर्षीची त्या बागेची एकही नोंद धरायची नाही. हा नियम विल्फने स्वतः केला होता आणि पहिल्यांदा वापरला होता तो एका पाद्रीबुवांवर. त्यांच्या वर्षभराच्या नोंदी एका फटक्यात उडवल्या. पाद्रीबुवा मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत, आणि विल्फनेही आपण होऊन कधी बोलणं काढलं नाही.

बैठकीनंतर काही दिवसांनी पोस्टाने एक छोटी काचेची कुपी आली. आत एक मेलेला पतंग होता, अंगठ्याच्या नखाएवढा, धुळीच्या रंगाचा. सोबतच्या चिठ्ठीवर विल्फच्या थरथरत्या उजव्या हाताचं अक्षर होतं, 'बघून सांग. घाई नको.' बढाई नाही, वरचा ट्रे नाही.

रोवेनाने जेवणाचं टेबल रिकामं केलं, सूक्ष्मदर्शक मांडला आणि त्या पतंगाच्या पोटाचा शेवटचा भाग नीट सोडवून पाहिला. पग नावाच्या या बारक्या पतंगांची ओळख तिथेच पटते, वरून सगळे सारखेच मळकट. पाहिलं आणि तिच्या हातातली सुई थांबली. स्लो पग होता.

या एका पतंगासाठी विल्फ दर वसंतात घरामागच्या ब्लॅकथॉर्नच्या काटेरी कुंपणाशी उलटी छत्री धरून उभा राहायचा. फुलोऱ्यावर काठीचे फटके मारायचे आणि छत्रीत अळी पडते का बघायचं. 'जिल्ह्यात तो आहे, असायलाच हवा,' हे त्याचं पालुपद. लोक हसायचे. मॉसपने तर एकदा त्याला नवी छत्री भेट दिली होती, चिठ्ठी लावून, 'पावसातही वापरता येते.' अळी कधीच पडली नाही. आणि आता तोच पतंग इथे काचेखाली होता, जिल्ह्यातला पहिलावहिला.

दुसऱ्या कुठल्याही माणसाने पाठवला असता तर रोवेना घरभर नाचली असती. आता तिला फक्त राग आला. दक्षिणेतल्या एखाद्या मित्राकडून मागवला असेल का? जन्मभर जे मिळालं नाही ते मरायच्या आधी नावावर लावून घ्यायचं म्हणून? मनात आलं आणि तिची तिलाच शिसारी आली, पण आलेला विचार काही परत जाईना. तिने कुपी फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे ठेवली आणि ठरवलं, आपल्या डोळ्यांनी बघायचं.

हॉल्थवेटला ती पोचली तेव्हा नुकतं फटफटलं होतं. गाडी चर्चपाशी ठेवून ती मागच्या बोळातून चालत गेली आणि त्या ब्लॅकथॉर्नच्या कुंपणात एक फट शोधून उभी राहिली. पन्नाशी उलटलेली बाई, जिल्ह्याची नोंदकार, आणि कुंपणाआडून दुसऱ्याच्या बागेत डोकावतेय! कुणी पाहिलं असतं तर थोबाड दाखवायला जागा राहिली नसती. काटा बाहीत अडकला होता, तो सोडवायचीही तिला हिंमत होईना.

गवतावर विल्फचा सापळा होता. दिवा अजून जळत होता. मागचं दार उघडलं. आता विल्फ येणार, खिशातून डबी काढणार.

बाहेर आली ती मेव्हिस, विल्फची बायको.

अंगात फुलाफुलांचा ड्रेसिंग गाऊन, पायांत विल्फचे गमबूट, हातात मार्गारिनचा जुना डबा. तिने सापळ्याचं झाकण हलकेच उचललं, डब्यात बोट घातलं आणि बोटावर एक भला मोठा पतंग चढवून घेतला. पोटावर गुलाबी-काळे पट्टे, प्रिव्हेट हॉक. मेव्हिसने तो वरच्या ट्रेवर उतरवला. मग दोन पावलं मागे सरकून पाहिलं, मान वाकडी केली, पुन्हा पुढे होऊन त्याचं तोंड बाहेरच्या बाजूला वळवलं. शोकेसमध्ये चिनीमातीचं कुत्रं मांडावं तसं.

"बस हं बाळा इथेच," ती पुटपुटली. "हलू नकोस."

रोवेनाला राहवेना. ती फाटक ढकलून आत गेली. मेव्हिसच्या हातून डबा पडला.

"मेव्हिस! हे काय चाललंय?"

"श्श! हळू बोल, पोरी! तो उठलाय, मोजे घालतोय." तिने रोवेनाचा दंड धरून तिला स्वयंपाकघरात ओढलं आणि पाठीने दार लावून घेतलं. तिचे गाल लाल झाले होते. "त्याला सांगणार नाहीस ना? शपथ घे."

"आधी मला सांगा. किती दिवस हे चाललंय?"

मेव्हिसने जिन्याखालचं कपाट उघडून दाखवलं. गरम पाण्याची टाकी आणि तिच्या भोवती फळ्यांवर वाळत घातलेले टॉवेल. टॉवेलांच्या मधोमध बुटांचं खोकं होतं. खोक्यात ओलं शेवाळ आणि शेवाळावर तपकिरी कोष. त्यातल्या एकाची शेपटी वळवळत होती.

"दक्षिणेत एक माणूस आहे, तो पोस्टाने पाठवतो," ती म्हणाली. "विल्फला सांगते लोकर आली. खरंच एवढी लोकर मागवली असती तर आत्तापर्यंत चर्चच्या मनोऱ्याला स्वेटर झाला असता."

"पण का?"

"का म्हणजे? हिवाळ्यात त्याला लकव्याचा झटका आला तेव्हापासून तू किती वेळा आलीस गं बघायला?"

रोवेना एकदाच आली होती, हॉस्पिटलात, फुलं घेऊन.

"घरी आणला तर तो त्या खुर्चीत बसला तो बसलाच," मेव्हिस म्हणाली. "तोंड भिंतीकडे. डॉक्टर म्हणे चालवा. हा म्हणे, कुठे चालू? सापळा लावू का म्हटलं तर म्हणाला, कशाला, काय येणार आहे आता. मला ते 'आता' फार लागलं, रोवेना. मग माझ्या डोक्यात आलं, काहीतरी यायला पाहिजे. पहिल्या दिवशी तो हिरवा-गुलाबी ठेवला आणि हाक मारली, 'विल्फ, पेटीत काहीतरी मोठं आहे.' काठी घेऊन उठला! मधे कुठे धरलंही नाही. तेव्हापासून रोज सकाळी उठतो. रोज."

रोवेना जवळच्या स्टुलावर बसली. तिला आधी हसू फुटलं आणि मग डोळ्यांत पाणी आलं. विल्फ खोटा नव्हता. कित्येक रात्री उशीवर जे ओझं घेऊन ती पडली होती ते या बुटांच्या खोक्याने उतरवलं होतं. यादी खरी होती. तिला शिकवणारा माणूस खरा होता.

"रडतेस काय? चहा घे," मेव्हिस म्हणाली. "आणि तुला कळलं कसं? मी तर छान छान निवडून मागवलेत."

"छान आहेत म्हणूनच कळलं. आणि टाकीजवळ कसले ठेवता त्यांना! ते कोष आहेत, पावाचं पीठ नव्हे. उबेने महिना-महिना आधी फुटतात."

"अगंबाई. मग गार ठेवायचे?"

"शेडमध्ये ठेवा—" रोवेनाने जीभ चावली. जिल्ह्याची नोंदकार सोडलेल्या पतंगांची पाककृती सांगत होती. तिने विषय बदलला. "आणि तो करडा? बारका, धुळीच्या रंगाचा? तोही तुम्हीच ठेवलात का?"

"कुठला करडा?" मेव्हिसने आठवून पाहिलं. "तो होय! त्या दिवशी तळच्या ट्रेखाली सापडला आणि दिवसभर त्याला धरून बसला होता. छे गं! असलं पाखरू मी पैसे देऊन घेईन का? कपड्यांना लागणारी कसर वाटते नुसती." ती किटली भरता भरता थांबली. "का? चांगला आहे का तो?"

"बघतेय अजून," रोवेना म्हणाली.

"माझी पाखरं नको घेऊस तुझ्या यादीत. मला कळतं, ते बरोबर नाही. पण त्याची स्वतःची सापडलेली घे हं."

उभा जन्म पतंगवाल्याशी संसार करूनही मेव्हिसला तो नियम ठाऊक नव्हता. विल्फ घरी नियम बोलत नसावा. रोवेनाने मान हलवली, पण त्या मानेचा अर्थ तिलाही लावता आला नसता.

खिडकीतून विल्फ दिसत होता. डोक्यावर जुनी लोकरी टोपी, डावा हात लुळा, उजव्यात काठी. तो सापळ्यापाशी स्टुलावर बसला, झाकण काढलं आणि वरच्या ट्रेवरच्या त्या दिमाखदार पतंगाला सकाळी शेजाऱ्याला पाहून हलवावी तशी मान हलवली. ट्रे गवतावर बाजूला ठेवला. मग खालचा ट्रे उचलला, नाकाजवळ नेऊन सावकाश फिरवून पाहिला. मग त्याच्या खालचा. मग त्याच्या खालचा.

ते बघता बघता रोवेनाच्या लक्षात आलं आणि ती उठून बाहेर गेली.

"ये," विल्फ वर न बघताच म्हणाला. "कुंपणात बराच वेळ उभी होतीस वाटतं. बाहीला काटा आहे."

"तुम्हाला सगळं माहीत आहे."

"पहिल्या दिवसापासून. गवतावर हिव आणि ट्रेवर लाइम हॉक! मला झटका आलाय, रोवेना, अक्कल गेली नाही. शिवाय त्याला टॉवेलच्या साबणाचा वास येत होता."

"मग नोंदी कशाला पाठवल्यात? मी किती रात्री—"

"ती चष्मा लावून कॉम्प्युटरपुढे बसते. 'सांग, काय लिहू?' म्हणते. तिला काय सांगू मी, लिहू नकोस? मग का नको, ते सांगू?" त्याने ट्रेमधला एक झिजका पतंग बोटाने हलवला. "म्हणून हिव लिहायला लावलं. वरचा ट्रे लिहायला लावला. खवला हलला नाही म्हणून लिहायला लावलं. आणखी काय पाहिजे होतं तुला, चित्र काढून द्यायचं?"

"मला वाटलं बढाया मारताय."

"बढाया!" तो खरंच चिडला. "हेच शिकवलं मी तुला? त्यातली एक जरी नोंद तू मान्य केली असतीस ना, तर तुझ्याशी बोललो नसतो. आणि काळजी करू नकोस, ती पाखरं मी मोकळी सोडत नाही. मागच्या शेडमध्ये जाळीत आहेत सगळी. तिला सांगतो, उडून गेली."

रोवेनाला लाज वाटली, मनापासून वाटली. या माणसाने आपल्याविरुद्धचा सगळा पुरावा तिच्या हातात दिला होता आणि तिने त्याच पुराव्यावरून त्याला चोर ठरवलं होतं. ती गवतावरच बसली. ओलं लागत होतं, तरी बसली.

"तो पग," ती म्हणाली. "दोनदा पाहिला मी. तोच आहे, विल्फ. स्लो पगच आहे."

त्याने कुंपणाकडे पाहिलं. फुलोरा केव्हाच झडून गेला होता, नुसती हिरवी पानं होती.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "पण तुझ्या तोंडून ऐकायचं होतं." मग नाक ओढून म्हणाला, "झालं. आता नाकार."

"काय?"

"सोडलेला एक पतंग, तर सगळी बाग बाद. नियम तुला पाठ आहे."

"पण हा सोडलेला नाही! पग तिने ठेवला नाही, मेव्हिस आत्ताच म्हणाली. मी मॉसपला सगळं समजावून सांगते."

"मॉसपला सांगितलंस तर दुपारच्या जेवणापर्यंत दोन गावांत होईल. आणि मग मेव्हिसला कळेल की तिच्या पाखरांनी माझं पाखरू खाल्लं." त्याने प्रिव्हेट हॉकचा ट्रे जवळ ओढला. "पाद्रीबुवांच्या वर्षभराच्या नोंदी उडवल्या मी. त्यांच्यातही खरे असतील चार-दोन. तेव्हा नाही कीव आली मला."

"पण तुम्ही जन्मभर शोधलात तो."

"शोधला आणि बघितला. बाकी तुमचं छापणं." त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "त्या पगाने मला खुर्चीतून उठवलं नाही, रोवेना. तिने उठवलं."

दार वाजलं. मेव्हिस चहाचे कप घेऊन गमबूट फटक फटक वाजवत येत होती.

"काय मिळालं रे आज?"

विल्फचा चेहरा असा काही खुलला की रोवेना बघतच राहिली. त्याने ट्रे उंच धरला. "अगं बघ तरी! आहेस कुठे तू? प्रिव्हेट हॉक! या थंडीत! जन्मात पाहिला नव्हता मी इथे."

"खरंच?" मेव्हिसने डोळे मोठे केले, आणि ते कप हातात असताना जितकं करता येईल तितकं छान केलं. "किती गं सुंदर! रोवेना, बघितलास का?"

"बघितला," रोवेना म्हणाली. "असा मी या जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही." एवढं तरी खरं होतं.

पुढच्या बैठकीत तिने सांगितलं की बर्केटच्या बागेतल्या या वर्षीच्या सगळ्या नोंदी बाद. पतंग बाहेरून आणलेले आहेत, विल्फने आणलेले नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. विल्फच्या जुन्या सगळ्या नोंदी कायम.

"कुणी आणले मग?" मॉसपने विचारलं. "पुरावा? नमुना? तूच म्हणतेस ना, दाखवा नाहीतर विसरा?"

"पुरावा मी आहे. माझ्या शब्दावर भागत नसेल तर दुसरा नोंदकार शोधा, डेरेक. फोटो तुमच्याकडे पाठवायला सांगते सगळ्यांना. रोजचे."

रोजच्या फोटोंचं नाव काढल्यावर मॉसपने बिस्किट घेतलं आणि विषय तिथेच मिटला. स्लो पगचा कुणी उल्लेखही केला नाही, कारण तो आला होता हे रोवेनाशिवाय कुणाला माहीतच नव्हतं.

नाकारलेला नमुना पाठवणाऱ्याला परत करायचा, अशी रीत आहे. त्या रविवारी रोवेना कुपी घेऊन हॉल्थवेटला गेली. या वेळी पुढच्या दाराने गेली, केकही नेला. विल्फ स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. त्याची खुर्ची आता खिडकीकडे वळवलेली होती. रोवेनाने कुपी त्याच्यापुढे ठेवली. कुपी उजेडात धरून तो बराच वेळ बघत बसला.

"काय आहे ते?" मेव्हिसने केक कापता कापता मान पुढे काढली. "तोच का तो करडा? चांगला निघाला का?"

रोवेनाने खाली बशीकडे पाहिलं.

"नाही गं," विल्फ म्हणाला. "साधाच निघाला. तुझ्या त्या पट्ट्यापट्ट्यांच्या पाखरासारखा कुठला यायला?"

"माझ्या कसला? तुझ्या सापळ्यात आला होता तो," मेव्हिस घाईघाईने म्हणाली, पण तिला झालेला आनंद लपत नव्हता. "मग टाकून दे ना तो. कशाला कपाटात धूळ जमवायची?"

"टाकतो," विल्फ म्हणाला. त्याने कुपीचं बूच अंगठ्याने घट्ट दाबलं, ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि केकची बशी पुढे ओढली.